इंजिन अडखळतंय? आधी त्याचा आवाज ऐका

 

नाताळच्या सुट्टीत आपल्याकडे मुलांसाठी आगगाडीचा संच येतो. जानेवारीभर ती गाडी बेसमेंटमध्ये गोल गोल धावते. फेब्रुवारीत अडखळायला लागते, बोटाने ढकलावी लागते, घरघर करते. मार्चमध्ये खोक्यात जाते आणि मग थेट यार्ड सेलला निघते. "मोटर गेली" असं आपण म्हणून टाकतो. मंडळी, बहुतेक वेळा मोटर गेलेली नसते. वीज नीट पोहोचत नसते, किंवा एखादा भाग कोरडा पडलेला असतो. नव्या इंजिनासाठी डॉलर मोजण्याआधी एक रविवार जुन्याला देऊन बघा.

छोटं इंजिन चालतं कसं, हे आधी पाहू. आपल्याकडचे बहुतेक संच एचओ मापाचे, म्हणजे खऱ्या गाडीच्या १/८७ आकाराचे असतात. त्यांच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. एका रुळातून वीज येते, चाकांतून आणि त्यांना टेकलेल्या पितळी पट्ट्यांतून मोटरपर्यंत जाते आणि दुसऱ्या रुळातून परत फिरते. या वाटेत धुळीचा किंवा तेलाचा पातळसा थर बसला, तरी वीज क्षणभर तुटते आणि गाडी झटका खाते.

हेच तत्त्व मोठ्या आकारात पाहायचं असेल, तर आपल्या मिल्टनच्या हद्दीतच, ग्वेल्फ लाइन रस्त्यावर, हॉल्टन काउंटी रेडियल रेल्वे हे ट्रामचं संग्रहालय आहे. टोरोंटोची १३२६ क्रमांकाची ट्राम भंगारात जाऊ नये म्हणून धडपडणाऱ्या लोकांनी ते १९५० च्या दशकात उभं केलं. तिथल्या विजेच्या ट्रामवरचा खांब डोक्यावरच्या तारेला टेकलेला असतो. तो तारेवरून निसटला की ट्रामची वीज गेली. आपल्या छोट्या गाडीला वर तार नाही, तिची सगळी भिस्त चाकांवर आणि रुळांवर.

म्हणून पहिली परीक्षा दिव्याची. खोलीतला उजेड कमी करा, गाडी सावकाश चालवा आणि इंजिनाच्या पुढच्या दिव्याकडे बघा. झटक्याबरोबर दिवाही लुकलुकत असेल, तर दोष विजेच्या वाटेत आहे. दिवा स्थिर आणि गाडी मात्र हिसके खात असेल, तर दोष गिअरमध्ये किंवा मोटरच्या जोडणीत शोधायचा.

दिवा लुकलुकला, तर सफाई. फार्मसीत आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. शक्यतो ९९ टक्क्यांचं घ्या, त्यात पाणी कमी असतं. वीज बंद करून सुती कापडाने रुळांचा वरचा भाग आणि आतली कड पुसा. कापड काळं होणं थांबेपर्यंत पुसत राहा. सँडपेपर अजिबात नको. त्याने पडलेल्या बारीक चरांमध्ये पुढची घाण आणखी घट्ट बसते.

मग चाकं. किचन टॉवेलचा कागद किंचित दमट करून रुळांवर आडवा ठेवा. इंजिनाची पुढची चाकं कागदावर, मागची उघड्या रुळावर ठेवा. इंजिन हाताने धरून थोडा वेळ चालवा. कागदावर दोन काळ्या रेघा उमटतील, तीच ती अडचण! मग इंजिन फिरवून मागची चाकं स्वच्छ करा. हे काम मोठ्यांनीच करायचं, खिडकी उघडी ठेवून आणि शेगडी, मेणबत्ती, समई यांच्यापासून दूर. अल्कोहोल लगेच पेट घेतं. काही इंजिनांच्या चाकांना पकडीसाठी रबराची कडी असते, तिला अल्कोहोल लावू नका.

एवढं करूनही ठरावीक जागीच झटका बसत असेल, तर रुळांचे जोड तपासा. आपल्या हिवाळ्यात फर्नेसमुळे घरातली हवा कोरडी होते, लाकडी सांगाडा किंचित आकसतो आणि उन्हाळ्याच्या दमटपणात पुन्हा फुगतो. त्या ओढाताणीत जोड सैल होतात. साधारण दर मीटर-दीड मीटरवर रुळाला खालून वीज देणारी स्वतंत्र तार जोडली, तर सगळा भार जोडांवर पडत नाही.

आता आवाज. बारीक, किंचाळल्यासारखा आवाज म्हणजे कोरडं पडलेलं बेअरिंग. जाडसर घरघर म्हणजे बहुधा मोटरच्या दांड्यावरचा स्क्रूसारखा गिअर कोरडा आहे किंवा मोटर जागेवर सैल झाली आहे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा टक् असं वाजत असेल, तर गिअरच्या दातात कचरा अडकलाय किंवा गिअरला चीर गेली आहे. चीर गेलेला गिअर गोंदाने चिकटवून टिकत नाही, तो बदलावाच लागतो.

इथे आपल्या घरचा जुना उपाय म्हणजे शिलाई मशीनचं तेल. आजोबा इथे आलेले असतील, तर ते सढळ हाताने घालतीलही! पण आजोबांना थोडं थांबवा. काही तेलांनी प्लॅस्टिक कमकुवत होतं, म्हणून बाटलीवर प्लॅस्टिकसाठी सुरक्षित असं लिहिलेलं हलकं तेलच घ्या. ते टाचणीच्या टोकावर येईल इतकंच, बेअरिंगला आणि आसाच्या टोकांना लावा. गिअरला तेल नको, तिथे प्लॅस्टिकला चालणारं ग्रीस कणभर. मोटरच्या आतल्या ब्रशना तेल लागता कामा नये. जास्तीचं तेल चाकांवर येतं, तिथून रुळांवर पसरतं, आणि मग सफाई पुन्हा पहिल्यापासून. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी सफाई, मग वंगण.

नवं इंजिन असेल, तर पहिल्याच दिवशी दहा डबे जोडू नका. डब्यांशिवाय मध्यम वेगाने अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे चालवा. गिअरचे दात एकमेकांना सरावतात आणि आवाज कमी होतो.

कधी कधी इंजिन बिचारं शांत असतं आणि गोंगाट टेबल करत असतं. याची परीक्षा सोपी. रुळाचा एक सुटा तुकडा घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा आणि त्यावर इंजिन चालवून बघा. तिथे आवाज कमी आणि प्लायवूडवर जास्त असेल, तर प्लायवूड तबल्यासारखं घुमतंय. रुळांखाली कॉर्कची किंवा फोमची पट्टी घाला. ती गोंदाने चिकटवा आणि गोंद वाळल्यावर खिळे काढून टाका, कारण खिळ्यातूनच कंप खाली लाकडात उतरतो.

तुमचं इंजिन डीसीसी, म्हणजे डिजिटल पद्धतीचं असेल, तर त्यातल्या डिकोडरची मांडणी बदलता येते. सीव्ही २ हा आकडा थोडा थोडा वाढवत न्या, वेगाच्या पहिल्याच पायरीवर इंजिन जेमतेम सरकेल तिथे थांबा. सीव्ही ३ ने गाडी सावकाश वेग घेते, सीव्ही ४ ने सावकाश थांबते. मिल्टन स्टेशनातून सकाळची गो ट्रेन कशी हळूहळू वेग घेते, ते आठवा. पण हे सगळं सफाईनंतर. घाणेरड्या चाकांवर कुठलेही आकडे उपयोगाचे नाहीत.

आणि पुण्याला जाणार असाल, तर कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. तिथे गाड्या धावताना फक्त बघू नका, त्यांचा आवाजही ऐका. इतक्या गाड्या रोज चालत्या ठेवायच्या, तर हीच पुसापुशी तिथेही चुकत नाही.

तर मंडळी, या रविवारी खोकं खाली उतरवा. मुलांना दिव्याची परीक्षा करू द्या, आजी-आजोबांना आवाज ओळखू द्या, आणि तेलाची बाटली सगळ्यात शेवटी उघडा.