लष्कर बराकीत परतते तेव्हा

बंगळुरूच्या राजाजीनगरला ज्यांचे नाव आहे, ते चक्रवर्ती राजगोपालाचारी स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय गव्हर्नर जनरल होते, हे तेथे स्थिरावलेल्या मराठी माणसाला माहीत असते. गोव्याच्या प्रश्नावर त्यांनी घेतलेली भूमिका मात्र सहसा कुणाच्या स्मरणात नसते. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजांनी गोवा मुक्त केला, तेव्हा देशभर आनंद होता. राजाजींनी मात्र, लष्करी बळाच्या वापराविरुद्ध बोलण्याचा नैतिक अधिकार भारताने गमावला, अशी कठोर टीका केली. ती अनेकांना रुचली नाही. पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न रास्त होता. शस्त्राने मिळवलेल्या सत्तेला अधिमान्यता कोठून लाभते?

तुर्कस्तानात याच सुमारास या प्रश्नाचे वेगळे उत्तर घडत होते. २७ मे १९६० रोजी तेथील लष्कराने निर्वाचित सरकार उलथवले आणि सप्टेंबर १९६१ मध्ये पदच्युत पंतप्रधान अदनान मेंदेरेस यांना फाशी दिली गेली. पुढे निवडणुका झाल्या. पण अतातुर्क यांच्या प्रजासत्ताकाचे राखणदार आपणच, ही सेनाधिकाऱ्यांची धारणा कायम राहिली. १९७१ मध्ये त्यांच्या निर्वाणीच्या इशाऱ्याने सरकार गेले. १९८० मध्ये त्यांनी पुन्हा सत्ता घेतली आणि १९८२ची राज्यघटना आपल्या देखरेखीखाली तयार करवून घेतली. जनतेच्या कौलावर लष्कराचा नकाराधिकार, असे या व्यवस्थेचे स्वरूप होते.

गोव्यातही सुरुवात लष्करी अमलानेच झाली. मेजर जनरल के. पी. कँडेथ हे लष्करी राज्यपाल झाले. पण जून १९६२ मध्ये त्यांनी सूत्रे मुलकी नायब राज्यपालांकडे सोपवली. तत्पूर्वीच, मार्च १९६२ मध्ये, बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव संघराज्यात सामावले गेले होते. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले.

खरी कसोटी पुढेच होती. बांदोडकरांना गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा असे वाटत होते, तर जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचा त्याला विरोध होता. जनमत कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. मराठी मनाला हा निकाल झोंबला, पण तो मान्य झाला. विशेष म्हणजे त्यानंतरच्या विधानसभा निवडणुकीत त्याच मतदारांनी बांदोडकरांच्या पक्षालाच पुन्हा सत्तेवर आणले. ज्या भूमीत फौजा शिरल्याला जेमतेम पाच वर्षे झाली होती, तेथे लोक सत्ताधाऱ्याला नाकारून पुन्हा स्वीकारू शकले.

अर्थात, या प्रक्रियेत उणिवा नव्हत्या असे नाही. भारतात राहावे की नाही, हा प्रश्न कौलात नव्हता. घटक राज्याचा दर्जाही ३० मे १९८७ पर्यंत मिळाला नाही. तरीही वादाचा निवाडा मतपेटीने केला, छावणीने नव्हे. पोर्तुगालमध्ये १९२६च्या लष्करी उठावातून वाढलेली हुकूमशाही २५ एप्रिल १९७४ रोजी लष्करानेच संपवली. त्यानंतरच्या नव्या राजवटीने त्याच वर्षअखेर गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

सैन्य मागे हटले म्हणजे लोकशाही आपोआप सुदृढ होते, असेही नाही. १५ जुलै २०१६ रोजी तुर्की लष्करातील एका गटाचा उठाव रस्त्यावर उतरलेल्या नागरिकांच्या साथीने फसला. परंतु त्यानंतर आणीबाणी आली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या आणि अध्यक्षांच्या हाती सत्ता एकवटली. म्हणून राजाजींचा प्रश्न केवळ सेनापतींना उद्देशून नाही. मुलकी सत्तेनेही आपला अधिकार पुनःपुन्हा लोकांपुढे ठेवायचा असतो आणि प्रतिकूल कौलापुढे मान तुकवायची असते. गोव्यात १९६७ साली ते घडले, हे राजाजींच्या आक्षेपाला मिळालेले सर्वांत समर्थ उत्तर होय.