नाकावरचा रुमाल किती धूळ अडवतो?

दिवाळी सरली की वऱ्हाडात कापसाचा हंगाम ऐन भरात येतो. अकोल्यात मोर्णाकाठच्या जुन्या शहरात राहणाऱ्या तुमच्यापैकी कुणाचे वडील, कुणाची मावशी या दिवसांत जिनिंगमध्ये कामाला जात असतील. तेथे रेचा कापसातून सरकी वेगळी करतो. त्याबरोबर बारीक तंतू, वाळक्या पानांचा चुरा आणि माती हवेत उडते. अनेक कामगार नाकाला रुमाल बांधतात. तेवढ्याने भागते का?

प्रथम आकार पाहू. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो. 10 मायक्रॉनहून मोठे कण बहुधा नाकात व घशातच अडकतात; 5 मायक्रॉनहून लहान कण मात्र थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात. कापसाच्या धुळीत जिवाणूंची विषेही असतात. ती वर्षानुवर्षे श्वासात गेली, तर ‘बिसिनोसिस’ हा विकार जडू शकतो. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे, ही त्याची खूण.

रुमालाच्या विणीतील छिद्रे अशा कणांच्या कित्येक पट मोठी असतात. मग चांगल्या मास्कची छिद्रे कणांहून लहान असतात काय? नाही! तसे असते तर श्वास घेणेच कठीण झाले असते. मास्क ही चाळणी नव्हे. ते तंतूंचे दाट रान आहे. हवा तंतूंना वळसा घालून जाते. जड कणांना जडत्वामुळे हा वळसा साधत नाही. ते तंतूवर आदळून चिकटतात. अतिसूक्ष्म कणांना हवेचे रेणू सतत धक्के देतात. भरकटत तेही तंतूला लागतात. चकवा देतात ते मधले, सुमारे 0.3 मायक्रॉनचे कण. त्यांच्यासाठी तंतूंवर विद्युतभार दिलेला असतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना, तसेच हे! म्हणून ‘एन-95’ मास्कचे कापड असे किमान 95 टक्के कण अडवते. साबणाने धुतल्यास मात्र हा भार कमी होतो.

एक प्रयोग करा. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापा व तेथे रुमाल घट्ट बांधा. तोंडातून उदबत्तीचा धूर आत भरू द्या, मग तोंड बंद करून बाटली हलकेच दाबा. कवडशात पाहा, रुमालातून धूर बाहेर येताना दिसेल. उदबत्तीच्या धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनहून लहान असतात.

उत्तम मास्कही सैल बसला तर व्यर्थ. कारण हवा कमी अडथळ्याची वाट धरते. शिवाय धुळीचा मास्क वायू व बाष्प अडवत नाही. रंग किंवा रसायनांच्या बाष्पासाठी सक्रिय कोळशाचा डबा लागतो. त्याच्या एका ग्रॅममधील सूक्ष्म छिद्रांचा एकूण पृष्ठभाग सुमारे 1000 चौरस मीटरपर्यंत असू शकतो; त्यावर बाष्पाचे रेणू धरून ठेवले जातात. कार्बन मोनॉक्साइड मात्र त्यालाही दाद देत नाही. आणि हवा गाळणारा कोणताही मास्क प्राणवायू निर्माण करत नाही; म्हणून दूषित हवेच्या विहिरीत मास्क लावून उतरणे प्राणघातक ठरते.

खरा उपाय धूळ निघते तेथेच ती शोषून घेणारे पंखे बसवणे हा आहे. मास्क ही शेवटची तटबंदी. आज घरी गेल्यावर एवढे तरी विचारा: कामावर नाकाला काय बांधता, आणि ते कडेने घट्ट बसते का?