समोरचा वारा

मार्चची दुपार. मामाच्या याटवरून पणजीहून मालवणला निघालो. आग्वाद मागे पडला आणि वायव्येचा खारा वारा थेट तोंडावर! सुकाणू माझ्याकडे, मी हट्टानं नाळ मालवणकडेच धरली. शिडं फडफडली, याट जागीच डुलू लागली.

शेजारची याट मात्र किनाऱ्याकडे तिरकी गेली. ‘चुकली वाट!’ मी हसलो. मामा म्हणाला, ‘बघत राहा.’ अर्ध्या तासानं ती वळून आमच्या बरीच पुढे निघाली.

वाऱ्यापासून साधारण 45 अंशांच्या आत शीड भरतच नाही. तिरकं गेलं की ते ओढतं, पाण्याखालचा कणा बाजूला घसरू देत नाही. म्हणून नागमोडी जायचं. अंतर जवळजवळ दीडपट होतं.

मी निमूट सुकाणू वळवलं. मालवण राहिलंच, सूर्यास्ताला तेरेखोलचा किल्ला तेवढा दिसला.