जुनी लेथ घेताना रंग पाहू नका

कापडाला खळ चढवली की विरळ वीणही घट्ट वाटते. तीस वर्षे ठाणे उलगडणाऱ्या आम्हाला हे कोणी शिकवायला नको होते. तरीही दोन वर्षांपूर्वी अंबडला जुनी लेथ घेताना आम्ही हिरव्यागार नव्या रंगाला भुललो.

प्रसंग असा. आमच्या भाच्याची एका गाळ्यातली टर्नरची नोकरी गेली. तिथे सीएनसी आली, जुन्या लेथ निघाल्या, त्यांच्याबरोबर माणसेही निघाली. बहिणीने दोन बांगड्या मोडल्या, उरलेले पैसे आम्ही घातले. कल्पना अशी की सिडकोतल्या घराच्या तळमजल्यावर लेथ लावावी आणि मालेगावच्या यंत्रमागांना लागणाऱ्या पिना, बुश, छोटे शाफ्ट करून द्यावेत. मालेगावशी आमचा कापडाचा व्यवहार जुना, त्यामुळे गिऱ्हाईक शोधण्याची चिंता नव्हती.

अंबड व सातपूरमध्ये जुन्या लेथ नेहमी विक्रीला निघतात. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्कर कारखान्याची (स्थापना १९४१) किंवा बंगळूरच्या एचएमटीची (स्थापना १९५३) लेथ मिळाली तर जाणकार आधी तिकडे वळतात. राजकोट व पंजाबकडच्या लेथ स्वस्त पडतात. पण नावापेक्षा ती कशी वापरली गेली, हे महत्त्वाचे. एखादी लेथ वीस वर्षे फक्त चकाजवळच चालली असेल तर बेड तेवढ्याच भागात झिजतो.

ही झीज ओळखणे अवघड नाही. सॅडलची पट्टी चकाजवळ बेताची आवळावी आणि सॅडल टेलस्टॉककडे न्यावे. तिकडे ते अडकू लागले तर चकाजवळचा बेड झिजलेला आहे, असे समजावे. मग चकात जाड सळई धरून ती वरखाली हलवावी. डायल गेजचा काटा उडाला तर स्पिंडलचे बेअरिंग ढिले आहे. एकेक गिअर टाकून आवाज ऐकावा. चेंज गिअरचा संच पूर्ण आहे ना, हे मोजून घ्यावे. ते नसतील तर हवे ते आटे पाडता येत नाहीत. चार जबड्यांचा चक व स्टेडी मागाहून घ्यायला गेलो की स्वस्त लेथ महाग पडते. आम्ही यातले काहीच पाहिले नाही. मोटर सुरू झाली, चक फिरला, आम्ही पैसे मोजले.

पहिल्या चाळीस पिना मालेगावहून परत आल्या. एका टोकाला त्या आठ शतांश मिलिमीटर जाड होत्या. भाचा म्हणाला, ‘‘मामू, हात माझा चुकला नाही.’’ आम्हाला राग आला होता, पण पोरगा खरे बोलत होता. लेथ आम्ही फरशीवर नुसती ठेवून दिली होती. तळ सपाट नसला की बेडला पीळ बसतो.

उपाय एका निवृत्त फिटरने दाखवला. साधारण पंचवीस मिलिमीटर व्यासाची सळई चकाबाहेर दीडशे मिलिमीटर काढायची, टेलस्टॉकचा आधार द्यायचा नाही. मधला भाग उतरवून दोन्ही टोकांना कडी ठेवायची. एकाच सेटिंगवर दोन्हींवर हलका कट घ्यायचा आणि मायक्रोमीटरने मोजायचे. फरक आला तर टेलस्टॉककडच्या पायाखालचे शिम कमीजास्त करायचे. दोन दिवस हेच चालले. फरक दोन शतांशांवर आला. उरलेला दोष झिजेचा आहे. तो बेड ग्राइंडिंगला दिल्याशिवाय जाणार नाही, आणि तो खर्च आज झेपत नाही.

घरात लेथ लावणाऱ्यांनी विजेचेही आधी पाहावे. जुनी मोटर बहुधा तीन फेजची असते, घरात एक फेज येते. मोटर बदलावी किंवा व्हीएफडी बसवावी. धंद्यासाठी कोणता मीटर लागतो, ते महावितरणच्या कार्यालयात विचारूनच जोडणी करावी. शेजाऱ्यांशीही बोलावे, रात्री नऊनंतर आमची लेथ बंद असते.

सुरुवात साध्या लोखंडावर, हायस्पीड स्टीलच्या टूलने करावी. पंचवीस मिलिमीटर सळईला मिनिटाला तीनशेच्या आसपास फेरे पुरतात. टूलची धार मध्यावर हवी; फेसिंग करताना मधोमध बोंड राहिले तर टूल वर किंवा खाली आहे. चकाची चावी चकात एक क्षणही सोडू नये. हातमोजे, सैल बाह्या, गळ्यात रुमाल यांपैकी काहीही नको. कापडवाल्याने सांगावे हे विचित्र वाटेल, पण फिरत्या चकाजवळ कापड म्हणजे फास आहे. आमच्या भाच्याच्या कुर्त्याची बाही एकदा ओढली गेली, कापड जुने होते म्हणून फाटले आणि हात वाचला. त्या दिवसापासून तो अर्ध्या बाहीचा सदरा घालतो. लोखंडाचा कीसही हाताने नव्हे, आकड्याने ओढतो.

उर्दू शाळेत आम्ही लेथला ‘खराद’ म्हणत असू. बहीण अजून तेच म्हणते. बांगड्यांपैकी एक या रमजानपूर्वी परत करवून द्यायचे आम्ही ठरवले आहे. दुसरीचा हिशेब बेड ग्राइंडिंगनंतर.