पातास : डोंगराच्या पोटातली लढाई

अ‍ॅमेझॉनच्या मुख्य उगमप्रवाहांपैकी एक असलेली मारान्योन नदी उत्तर पेरूत अँडीज पर्वत चिरत जाते. तिच्या खोऱ्यातल्या उभ्या उतारांवर पातास प्रांत वसला आहे. जवळच रिओ अबिसेओ हे जागतिक वारशाचा दर्जा लाभलेलं राष्ट्रीय उद्यान आहे. पण आज पातासचं नाव निघतं ते सोन्यामुळे आणि त्यापायी सांडलेल्या रक्तामुळे.

इथलं सोनं गारगोटीच्या अरुंद शिरांमध्ये सापडतं. 1980 मध्ये स्थापन झालेली पोदेरोसा कंपनी रीतसर परवान्याने ते काढते. बेकायदा खाणवाले डोंगरात दुसरीकडून चिंचोळं भुयार खणतात, ते कंपनीच्या बोगद्याला भिडवतात आणि आयती शीर फोडून नेतात. वाटेत कामगार आले, तर सुरुंगाची दारू त्यांच्यावरच वापरली जाते. ही भुयारं राखायला सशस्त्र टोळ्या असतात. कंपनीला वीज पुरवणारे उच्चदाबाचे टॉवरही स्फोटांनी पाडले गेले आहेत.

डिसेंबर 2023 मध्ये पोदेरोसाच्या खाणीवर हल्ला झाला आणि किमान 9 जणांचा जीव गेला. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने प्रांतात आणीबाणी लावली. पोलीस आले, लष्कर आलं.

तरीही एप्रिल 2025 मध्ये कंपनीच्या कंत्राटदाराकडचे 13 कामगार पळवले गेले. 4 मे रोजी त्यांचे मृतदेह खाणीच्या आत सापडले. पोटापाण्यासाठी डोंगरात उतरलेल्या या माणसांच्या घरच्यांनी कित्येक दिवस नुसती वाट पाहिली होती. त्यानंतर तत्कालीन राष्ट्राध्यक्षा दिना बोलुआर्ते यांनी रात्रीची संचारबंदी पुकारली आणि खाणकाम 30 दिवस बंद ठेवलं. त्याच महिन्यात पंतप्रधान गुस्तावो आद्रियान्सेन यांना पद सोडावं लागलं.

बंदोबस्त रस्त्यावर वाढला, पैशाची वाट मात्र मोकळीच राहिली. छोट्या खाणकामगारांना कायद्याच्या चौकटीत आणण्यासाठी पेरूने ‘रेइन्फो’ ही नोंदवही सुरू केली. नोंद असलेल्याला परवाना मिळेपर्यंत फौजदारी कारवाईपासून संरक्षण मिळतं. प्रामाणिक खाणकामगाराला तो आधार आहेच. पण चोरीचं खनिज त्याच नोंदीच्या आड ट्रकमध्ये भरून प्रक्रिया केंद्रात पोचवता येतं. तिथे ते इतर खनिजात मिसळलं की माग संपतो. या नोंदणीची मुदत संसदेने वारंवार वाढवली.

2025 च्या मार्चमध्ये सोन्याने औंसाला 3,000 डॉलरचा टप्पा ओलांडला, तशी भुयारांची किंमतही वाढली. पेरूच्या सोन्याच्या मोठ्या ग्राहकांत भारताचाही समावेश आहे. म्हणूनच आलेलं सोनं कुठल्या खाणीतलं, याची कागदोपत्री खातरजमा भारतातल्या आयातदारांनीही मागायला हवी.