रिंगबाहेरची झटापट : हेवीवेट लढती जुळता जुळत का नाहीत (लेखांक ४)

बॉक्सिंगला वेळापत्रक नसते. फुटबॉलच्या लीगमध्ये किंवा टेनिसच्या स्पर्धेत कोणाची गाठ कोणाशी पडणार हे खेळाडूला विचारून ठरत नाही. बॉक्सिंगमधली प्रत्येक मोठी लढत मात्र स्वतंत्र करारातून उभी करावी लागते. हेवीवेट गटात, म्हणजे ९०.७ किलोच्या वरच्या बॉक्सरांत, हे करार फार मोठ्या रकमांचे असतात आणि फिसकटतातही वारंवार. दोघे बॉक्सर लढायला तयार, प्रेक्षक तिकिटाला तयार, तरी लढत वर्षानुवर्षे लांबते. अशा वेळी एकाला भित्रा ठरवून मोकळे होण्याची पद्धत आहे. खरी अडचण बहुधा अशी असते की, बोलणी करायला बसलेला बॉक्सर मोकळा नसतो. त्याने आधीच कोणाला तरी शब्द दिलेला असतो, आणि तोही लेखी.

हा शब्द एकाच वेळी चौघांना दिलेला असू शकतो : लढत भरवणारा प्रमोटर, टीव्ही वाहिनी, विजेतेपदाचा पट्टा देणारी संघटना आणि मागच्या लढतीतला प्रतिस्पर्धी. यातला शेवटचा सर्वांत कमी दिसतो आणि ऐन वेळी आडवा येतो. विजेता आव्हानवीराला संधी देतो तेव्हा ‘मी हरलो तर पुन्हा लढायचे’ हे कलम करारात घालून घेतो. आव्हानवीर जिंकला तर पट्ट्याबरोबर हे ओझेही त्याच्या गळ्यात पडते.

टायसन फ्युरी आणि अँथनी जोशुआ यांची २०२१ ची लढत अशाच कलमाने बुडाली. दोघेही ब्रिटिश आणि चार संघटनांचे चारही प्रमुख पट्टे दोघांत वाटलेले : फ्युरीकडे डब्ल्यूबीसी, जोशुआकडे डब्ल्यूबीए, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. जोशुआचा प्रमोटर एडी हर्न. फ्युरीचे दोन, ब्रिटनमध्ये फ्रँक वॉरन आणि अमेरिकेत बॉब अ‍ॅरम. महिनोन्‌महिने चाललेली बोलणी संपली आणि १६ मे २०२१ रोजी फ्युरीने समाजमाध्यमावर जाहीर केले की, लढत १४ ऑगस्टला सौदी अरेबियात होणार. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या लवादाचा निवाडा आला. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्युरीने डिऑन्टे वाइल्डरला हरवले होते. त्या करारातल्या पुनर्लढतीची मुदत टळून गेली, असे फ्युरीची बाजू धरून चालली होती. लवादाने कलम जिवंत ठरवले आणि १५ सप्टेंबरपूर्वी वाइल्डरशी लढण्याचा आदेश दिला. ती लढतही लांबत ९ ऑक्टोबरला झाली. तोवर २५ सप्टेंबरला लंडनमध्ये ओलेक्सांद्र उसिकने जोशुआचे तिन्ही पट्टे काढून घेतले होते. मे महिन्यात जी लढत चारही पट्ट्यांची होती, तिला सप्टेंबरअखेर तो अर्थच उरला नाही.

उसिक त्या लढतीपर्यंत आला तो संघटनेच्या नियमाने. डब्ल्यूबीओने त्याला जोशुआचा अनिवार्य आव्हानवीर ठरवले होते. चारही संघटनांचा असा आपापला आव्हानवीर असतो आणि त्याच्याशी ठरावीक मुदतीत लढले नाही तर पट्टा काढून घेता येतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्युरीने व्लादिमिर क्लिच्कोला हरवून जग चकित केले. पंधरवड्याच्या आत आयबीएफने त्याचा पट्टा काढला, कारण तो क्लिच्कोशी पुनर्लढतीला बांधलेला होता आणि संघटनेचा आव्हानवीर दुसराच होता. एक करार पाळावा तर दुसरा मोडतो. उलट्या बाजूने, नको त्या आव्हानवीराला टाळण्यासाठी पट्टाच सोडण्याचीही वाट असते. डिसेंबर १९९२ मध्ये रिडिक बोने लेनॉक्स लुईसशी लढण्याऐवजी डब्ल्यूबीसीचा पट्टा लंडनमध्ये छायाचित्रकारांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला.

अनिवार्य लढतीची बोलणी फिसकटली, तर संघटना बंद पाकिटातून बोली मागवते. जास्त बोली लावणारा प्रमोटर लढत भरवतो आणि बोलीची रक्कम बॉक्सरांत ठरल्या टक्क्यांनी वाटली जाते. जानेवारी २०२२ मध्ये फ्युरी आणि डिलियन व्हाइट यांच्या लढतीसाठी वॉरनने ४ कोटी १० लाख २५ हजार डॉलरची, तर हर्नने ३ कोटी २२ लाखांची बोली लावली. १० टक्के जिंकणाऱ्यासाठी बाजूला ठेवून उरलेल्या रकमेतले ८० टक्के फ्युरीचे. ही पद्धत रुक्ष असली तरी सुटसुटीत आहे. दोन विजेते समोरासमोर यायचे असतात तेव्हा मात्र असा निमूटपणे मान्य होणारा पंच सापडत नाही.

वाहिन्यांचा तिढा समजून घ्यायला ८ जून २००२ ची लुईस आणि माइक टायसन यांची मेम्फिसमधली लढत पुरेशी आहे. लुईस एचबीओशी करारबद्ध, टायसन शोटाइमशी. शेवटी दोन्ही वाहिन्यांनी मिळून ती पे-पर-व्ह्यूवर दाखवली, ५४.९५ डॉलर मोजून १९ लाखांहून अधिक घरांनी ती घेतली. वाटणी किती बारकाईने झाली ते रिंगमध्येच दिसत होते. बॉक्सरांची नावे पुकारायला एकाऐवजी दोन निवेदक उभे होते, मायकेल बफर आणि जिमी लेनन ज्युनियर, प्रत्येक वाहिनीच्या वाट्याचा एक. समालोचकही दोन्हींकडून घेतले होते. दोघा बॉक्सरांच्या मधे पिवळ्या शर्टातल्या सुरक्षारक्षकांची आडवी रांग होती, कारण जानेवारीतल्या पत्रकार परिषदेत मारामारी होऊन टायसनने लुईसच्या पायाला चावा घेतला होता. त्या प्रकारानंतर नेवाडा राज्याच्या आयोगाने टायसनला परवाना नाकारला आणि एप्रिलमध्ये लास वेगासला ठरलेली लढत दुसऱ्या शहरी न्यावी लागली. म्हणजे वाहिन्या आणि प्रमोटर एकमताने बसले तरी सरकारी परवाना उरतोच.

या सगळ्यातून पार पडल्यावर पैशांच्या वाटणीचा प्रश्न येतो. ८ मार्च १९७१ ला मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांना प्रत्येकी २५ लाख डॉलर मिळाले. दोघेही अपराजित, वाद कशाला? पण अशी सरळ विभागणी विरळा. मार्च २०२३ मध्ये फ्युरीने उसिकला ३० टक्के देऊ केले आणि उशीर केल्यास रोज एक टक्का कमी होईल, अशी जाहीर तंबी दिली. उसिकने आढेवेढे न घेता होकार दिला. अट एकच, फ्युरीने युक्रेनच्या लोकांसाठी १० लाख पौंड द्यावेत. सगळ्यात कठीण गाठ सुटली असे वाटत असतानाच त्याच महिन्यात बोलणी मोडली. या वेळी वाद आला पुनर्लढतीच्या कलमावर.

टक्क्यांच्या मागे मानापमान असतो, हे खरे. पण हिशेबही असतो. हेवीवेटमध्ये एकच ठोसा लढत संपवू शकतो आणि या गटाच्या वर दुसरा वजनगट नाही, त्यामुळे हरलेल्याला वर सरकून नवे विजेतेपद शोधण्याची सोय नाही. जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कला ऐन वेळी बदली म्हणून आलेल्या अँडी रुईझने जोशुआला सातव्या फेरीत हरवले. मोठ्या लढतीसाठी वाट पाहण्यात असा धोका असतो आणि ती घाईने स्वीकारण्यातही. म्हणून प्रत्येक बाजू कागदावर जमेल तेवढे संरक्षण मागते, अगदी हातमोजे आणि रिंगच्या फरशीपर्यंत. २०१५ मध्ये ड्युसेलडॉर्फला क्लिच्कोशी लढण्यापूर्वी फ्युरीच्या गोटाने कॅनव्हासखालचा फोम फार जाड असल्याची तक्रार केली, लढत सोडून जाण्याची धमकी दिली आणि तो कमी करून घेतला. मऊ फरशीत पाय रुततात, भरभर हलणाऱ्या बॉक्सरचे नुकसान होते.

इतक्या गाठी एकदम सोडवायला एक उपाय जुना आहे : तिसऱ्याने इतके पैसे ओतायचे की वाटणीचे भांडणच सौम्य व्हावे. १९७४ मध्ये किन्शासाला अली आणि जॉर्ज फोरमन यांना प्रत्येकी ५० लाख डॉलर मिळाले, ते तिथला सत्ताधीश मोबुटू याच्या सरकारच्या पाठबळावर. फ्युरी आणि उसिक यांची लढतही अखेर १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये सौदी पैशांवर झाली. फेब्रुवारीची तारीख सरावात फ्युरीच्या डोळ्यावर जखम झाल्याने हुकली होती. उसिक जिंकला आणि १९९९ च्या लुईसनंतरचा पहिला निर्विवाद, म्हणजे सगळे प्रमुख पट्टे एकट्याकडे असलेला, हेवीवेट जगज्जेता ठरला. करारात पुनर्लढतीचे कलम होते. आयबीएफचा अनिवार्य आव्हानवीर रांगेत होता. जूनअखेर उसिकने आयबीएफचा पट्टा सोडून दिला.