मातृभाषेतला ओरडा

भावना चाळवल्या की तळहाताला किंचित घाम सुटतो आणि त्वचेतून वीज अधिक सहज वाहू लागते. हा बदल मोजून कोणता शब्द किती खोल लागला, याचा अंदाज घेता येतो. बॉस्टनमधील संशोधक कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही मोजणी केली. मातृभाषा तुर्की असलेल्या आणि इंग्रजी पुढे शिकलेल्या प्रौढांना त्यांनी दोन्ही भाषांतले शब्द ऐकवले. 'लाज वाटत नाही?' अशा धाटणीचा लहानपणीचा ओरडा मातृभाषेत कानी पडला, की त्वचेची प्रतिक्रिया इंग्रजीपेक्षा स्पष्टपणे जास्त होती. माणसे मोठी झाली, तरी शरीर तो ओरडा विसरले नव्हते.

आपल्या घरांत 'गाढवा', 'नालायक', 'करंट्या', 'मेल्या' हे शब्द सहज तोंडात येतात. कोकणातली आजी 'मेल्या, जेवलास का?' म्हणते, तेव्हा नातवाला त्यात मायाच ऐकू येते. पाय ठेचकाळल्यावर बापाच्या तोंडून निसटलेली शिवीही कुणाच्या अंगावर फेकलेली नसते. मूल ती उचलते, एवढेच. घाव होतो तो शब्द मुलावर रोखला जातो तेव्हा. त्यासाठी शिवी अश्लील असावी लागत नाही. 'तू जन्मालाच आला नसतास तर बरं' या वाक्यात एकही असभ्य शब्द नाही.

मिंग-ते वांग आणि सारा केनी यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात ९७६ कुटुंबांचा अभ्यास केला. तेराव्या वर्षी ज्या मुलांच्या वाट्याला आरडाओरडा, शिवीगाळ आणि अपमान जास्त आला, त्यांच्यात पुढच्या वर्षभरात नैराश्याची लक्षणे आणि बेशिस्त वर्तन अधिक वाढले. मुलाच्या वाईट वागण्याने पालकांचा तोल अधिक सुटतो, हेही त्यात दिसले. म्हणजे ज्या वागण्यावर उपाय म्हणून आपण ओरडतो, त्यालाच खतपाणी मिळते. एरवीच्या प्रेमाने हा परिणाम कमी झाल्याचे आढळले नाही.

मार्टिन टायशर यांच्या गटाने २००९ मध्ये अशा १६ तरुणांच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या, ज्यांनी लहानपणी फक्त शब्दांचा मार सोसला होता. भाषा समजून घेण्याशी संबंधित मज्जातंतूंच्या जुडग्यात संशोधकांना फरक दिसला. अभ्यास छोटा आहे. त्यावरून कार्यकारणाचा निवाडा करता येत नाही. पण 'शब्दांनी काय होतंय?' असे म्हणून विषय झटकून टाकणे आता अवघड आहे.

राग प्रत्येक आईबापाला येतो आणि तो मुलाला कळलाही पाहिजे. फक्त बोट चुकीकडे दाखवा, मुलाकडे नको. दूध सांडले तर 'आंधळा आहेस का?' याऐवजी 'दूध सांडलं, फडकं आण' म्हणा. तोल गेलाच, तर 'मी तुला जे बोललो ते चूक होतं' हेही त्याच मातृभाषेत सांगा. मुलाने आयुष्यभर जपावेत असे शब्द त्याला देणे आपल्याच हाती आहे.